गोटाडाची सफाई

तमाम जाणकार, अजाण आणि सावलीला म्हणून टेकलेल्या वाचकांनो! डोक्यावरची टोपी सारखी करून, घसा खाकरून, अत्यंत गांभीर्यानं मी जाहीर करतो की, जमिनीवर पडलेला गोटा उचलण्याआधी माणसानं तीनदा विचार करावा. आमच्या गावानं एकदाही केला नाही. आणि त्या न करण्यात माझा वाटा भरघोस होता, हेही त्याच गांभीर्यानं नमूद करून ठेवतो.

आता टोपी काढतो. ऐका.

शिरूर कासारच्या वरच्या अंगाला, सिंदफणेच्या काठी आमचं गाव. नदी म्हणायची म्हणून नदी. वर्षातले बरेच महिने तिच्यातून बैलगाड्या जात. पण कोण्या जुन्या काळी ती भलतीच माजली असणार, कारण गावाखालचा लांबच लांब पट्टा तिनं गोट्यांनी भरून टाकला होता. सुपारीएवढे, मुठीएवढे, नारळाएवढे, पाण्यानं घासून गुळगुळीत केलेले गोटे. मध्ये जाडीभरडी वाळू, आणि माती म्हणाल तर भाजीत मीठ असावं तेवढीच. या पट्ट्याला आम्ही गोटाड म्हणायचो. ते गावाचं गायरान होतं. तिथं नांगर मोडायचा, चपला झिजायच्या, आणि कोणाची अक्कल काढायची असली तर 'जा, गोटाडात कापूस लाव' असं म्हणायची रीत होती.

गावाच्या वरच्या बाजूला काळी. काळीभोर, चिकट, खोल जमीन, आणि तिच्यातली निम्मी आमच्या चेअरमनसाहेबांची. चेअरमन म्हणजे आमच्या गावच्या चारा सहकारी संस्थेचे. आपल्या काळीबद्दल बोलताना त्यांचा आवाज गाभाऱ्यात आल्यासारखा खाली यायचा.

पण दुष्काळ आला की माणसांचे तसे जमिनींचेही स्वभाव उघडे पडतात. काळी म्हणजे श्रीमंताघरची कंजूष सासू. भरपूर पाऊस झाला तर सगळ्या गावाला जेवू घालील. पण नुसते चार शिंतोडे पडले तर ते वरच्या वर धरून ठेवते, मुळांपर्यंत थेंब जाऊ देत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऊन येऊन सगळं चाटून जातं. मग ती फाटते. मी सांगतोय त्या दुष्काळाच्या वर्षी तिच्या भेगेत शेळीचं करडू मांडीपर्यंत अडकलेलं मी पाहिलं आहे. गोटाडाची तऱ्हा उलटी. पडलेलं पाणी फटींतून सरळ खाली जातं, हातभर, दोन हात. आणि वर गोट्यांचं झाकण. ऊन त्या झाकणावर दिवसभर टाचा आपटतं, खाली काही कळत नाही. म्हणून त्याच चार शिंतोड्यांवर काळी ठणठणीत कोरडी राहायची आणि गोटाडात मारवेल नि पवना हे गवताचे वाण हिरवेगार व्हायचे. फार नाही, पण मेंढराचं तोंड भरेल एवढे.

आज मी हे घडाघडा सांगतो. तेव्हा गावात ते एकाच बाईला ठाऊक होतं, आणि ती बाई कोणालाही आवडत नसे.

तिला आम्ही मेंढरंवाली म्हणायचो. साठीची, काटकुळी, मागं-पुढं कोणी नाही; होती ती सतरा मेंढरं. तिच्या वाटेला जाऊ नये अशी जीभ. तहानलेल्याला पाणी द्यायची तेही त्याच्या बापाचा उद्धार करून. गोफण अशी मारायची की कावळाही तिच्या कोपीच्या छपरावर बसायला भ्यायचा. गरीब माणूस गोड असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तिच्याकडं एकदा काडेपेटी मागायला जायला हवं होतं.

आषाढात दोन हलक्या सरी झाल्या. काळीवर काही उगवलं नाही. गोटाड हिरवं झालं आणि मेंढरंवालीची सतरा मेंढरं त्यात माना घालून चरायला लागली. चेअरमन चार पाहुण्यांना घेऊन बांधावरून चालले होते. मेंढरंवालीनं खालून हाळी दिली:

"मालक! तुमची काळी पाणी पेली, का नुसतं तोंड धुतलं?"

पाहुणे हसले. चेअरमन हसले नाहीत. माझ्या मते गोटाड सुधारण्याची योजना त्या क्षणी तयार झाली. कागदावर ती नंतर आली एवढंच.

कागदावर आणली मी. शेतकीची पदविका घेऊन मी नुकताच गावी परतलो होतो, काम काही नव्हतं, आणि पारावर बसून लोकांच्या नकला करण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. चेअरमननी मला संस्थेचा सचिव करायचा शब्द दिला. थंडी सरता सरता गावाची सभा भरली, मी पारावर उभा राहिलो आणि असं भाषण ठोकलं की माझं मलाच रडू आलं. गोटा हा शेतीचा शत्रू! गोटा पिकाचा गळा धरतो! गोटे वेचा, रान कुळवा, सुधारित गवताचं बी टाका, वेचलेल्या गोट्यांचा भोवतीनं गडगा घाला, आणि दुष्काळात गावाला चारा कमी पडला तर मला याच पाराला बांधा! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडं रान चांगलं म्हणजे साफ रान. ज्याच्या वावरात खडा सापडतो त्याच्या बायकोला नावं ठेवणारं गाव आमचं.

गर्दीतून मेंढरंवाली उठली. "गोटा काढला तर खालची वल जाईल. झाकण हाय ते, मुडद्यांनो. तव्यावर भाकर उघडी टाकून बघा, किती येळ मऊ ऱ्हाती."

मी लगेच कमरेत वाकलो, पदर घेतल्यासारखा हात डोक्यावरून फिरवला आणि तिच्या आवाजात म्हणालो, "झाकण हाय ते, मुडद्यांनो!" पार फुटेल असं लोक हसले.

ती हसू थांबेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "या शिकल्याला गोटाडात न्या. हात घालून बघू द्या. कोरडं निघालं तर मी गुमान बसते."

"जा बे," चेअरमन म्हणाले. "बघून ये एकदा. म्हातारीची हौस फिटू दे."

अख्खी सभा गोटाडाच्या काठाला येऊन उभी राहिली. माघ महिना, तीन महिन्यांत आभाळातून थेंब नाही. मी टिकाव घेऊन गुडघाभर खड्डा खणला. वरचे गोटे तापलेले, हाताला चटका बसे असे. त्यांच्याखाली भरड वाळू. मग तांबूस माती, आणि तिच्यातल्या गोट्यांना खालून चुन्याचा पांढरा थर, विड्याच्या पानाला लावावा तसा. मी उपसलेल्या मातीवर गुडघे टेकले आणि हात आत घातला. गार होतं. भरल्या माठाला बाहेरून हात लावल्यासारखं गार. मूठ दाबली तर मातीचा मुटका वळला.

मेंढरंवाली माझ्या तोंडाकडं बघत होती. चेअरमनही बघत होते.

मी उठलो, तळवा पँटीला पुसला आणि नाटकातल्या राजासारखा हात वर करून ओरडलो, "कोरडं!"

"मपल्या तोंडावर खोटं बोलतो?" ती म्हणाली. "आरं, तुपल्या गुडघ्याला इचार!"

दोन्ही गुडघ्यांवर ओल्या मातीचे दोन गोल डाग उमटले होते. सगळ्यांना दिसले. चेअरमननाही दिसले आणि मिशीखाली ते पहिल्यांदा हसले. पाठोपाठ सगळे हसले. माझ्यावर नव्हे, तिच्यावर. डाग दिसत असूनही आपण हिला हसू शकतो, याचाच लोकांना आनंद झाला होता. खोटं सांगत नाही, मलाही झाला होता.

काम सुरू झालं. धडधाकट माणसं दिवाळीनंतरच कोयते घेऊन ऊसतोडीला गेली होती. गावात राहिले ते म्हातारे, लंगडे आणि दिवस गेलेल्या बाया. त्यांनी गोटे वेचायचे. वीस टोपली गोटे गडग्यावर नेऊन टाकले की संस्थेकडून उसाच्या वाढ्याची, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याची, एक पेंढी. गडगा जसजसा उभा राहिला तसतसं गोटाड बंद झालं. चराईला मनाई. गावात दुसरीकडं कुठं गवताची काडी नव्हती.

मेंढरंवालीनं आठ दिवस दम धरला. नवव्या दिवशी डोक्यावर टोपलं घेऊन आली.

चेअरमननी तिला मुद्दाम मधला तुकडा दिला, जिथं मारवेल सगळ्यात दाट यायचा. आपल्या मेंढरांच्या तोंडात आज पेंढी पडावी म्हणून ती त्यांचं उद्याचं रान टोपल्याटोपल्यानं उचलून गडग्यावर टाकत होती. तिला ते कळत होतं, आम्हालाही कळत होतं, आणि म्हणून बघायला गंमत यायची. लोक गडग्यावर बसून सांगायचे, "आजी, तो बारका ऱ्हायला बगा. देव्हाऱ्यात ठेवायला हुईल." एकजण रोज विचारायचा, "कावून वेचती? झाकण हाय ना ते?" सुरुवातीला ती शिव्या द्यायची. पुढं शिव्याही आटल्या. तेव्हा आम्हाला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं, कारण शिव्या चांगल्या असायच्या.

वाढं मेंढरांना मानवलं नाही. पहिलं मेंढरू फाल्गुनात गेलं. त्या दिवशी मी पारावर ते कसं गेलं याची नक्कल केली: आधी पाय थरथरले, मग मान वाकडी, मग एक बारीक 'बें'. लोकांनी पुन्हा करायला लावलं. दुसरं गेलं तेव्हा मी नक्कल सुधारली. चौथ्याच्या वेळी ती स्वतः पाराजवळून टोपलं घेऊन चालली होती. ती थांबली, पूर्ण नक्कल बघितली आणि म्हणाली, "ते डाव्या कुशीवर पडलं व्हतं." आणि गेली. मी पुढच्या वेळी डाव्या कुशीवर पडलो.

बाकीची तिनं खाटकाच्या हवाली केली, मरण्याआधी. तीन ठेवली.

वैशाखात गोटाड साफ झालं. बघत राहावं असं! तळहातासारखं सपाट, तांबूस, एक खडा नाही. आम्ही कुळवलं, बी टाकलं. गोट्यांचाच एक चौथरा केला, पुढं कोणी मोठा साहेब आला तर बोलायला. मी सचिव झालो.

मग पाऊस आला, पुन्हा तसाच हलका. आता त्या सरी उघड्या मातीवर चोपल्यासारख्या बसल्या आणि रानाला पापडासारखं कवच आलं. पाणी आत जाईना. ते वरच्या वर नदीकडं पळालं आणि जाताना आमचं सुधारित बी घेऊन गेलं. चार दिवसांत कवच तडकलं, वारा सुटला, आणि माती उडून चेअरमनसाहेबांच्या ओसरीवर येऊन बसायला लागली. श्रावण उजाडला तरी रानात गवताचं एक पान नव्हतं.

अशात जिल्ह्याचे मोठे साहेब आमचं आदर्श चराऊ रान बघायला यायचे ठरले. येऊ नका म्हणायची सोय नव्हती. आम्हीच अर्ज करून बोलावलं होतं. चेअरमननी फेटा बांधला. ताशेवाले आले. साहेबांना हार घालून चौथऱ्यावर उभं केलं. साहेबांनी चौफेर नजर टाकली. मोकळं, तांबडं, लग्नाआधी सारवून ठेवलेल्या अंगणासारखं रान.

"चारा कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

चेअरमननी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "साहेब, सध्या जमीन विश्रांती घेत आहे."

"किती दिवस?"

"जमिनीच्या मर्जीवर आहे, साहेब."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली आणि चेहरा उजळला. "अरे, ते काय! तिथं तर चांगलं आहे की!"

आम्ही सगळे वळलो. गडग्याच्या बुडाशी, गोट्यांच्या फटीफटींतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत मारवेल वर आला होता. गुडघाभर, हिरवागार, वाऱ्यावर डुलणारा. आम्ही रानातून उचलून नेलेल्या एकेका गोट्याखाली. आणि त्यात तोंड खुपसून मेंढरंवालीची उरलेली तीन मेंढरं शांतपणे चरत होती. ती गडग्यावर बसली होती. तिच्या जिभेनं त्या दिवशी काय काय केलं असतं! पण ती नुसती मेंढरांचं खाणं बघत होती.

साहेब उत्साहानं तिकडं निघाले. मेंढरं कराकरा खात होती, आणि आदर्श चराऊ रानाचा जो काही चारा होता तो साहेब पोचण्याआधी संपणार असं दिसत होतं. चेअरमन फेटा सावरत पळाले. पळता पळता मेंढरांना भिरकावायला गोटा घ्यावा म्हणून वाकले. हात जमिनीवर चाचपत राहिला. इकडं चाचपलं, तिकडं चाचपलं. सबंध रानात एक गोटा नव्हता. तसेच वाकलेले, हात मातीत, फेटा कानावर, साहेबांच्या आणि अख्ख्या गावाच्या देखत ते बोंबलले:

"ए म्हातारे, हाकल ती मेंढरं! संस्थेकडं तेवढाच चारा हाय!"