घट्ट टायर अन् दारातली बकरी

सायकलच्या दुकानात खिळ्यावर जुन्या ट्यूबा टांगलेल्या असतात. एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात. आमच्या टेंभुर्णीच्या याकूबभाईच्या दुकानाचे किस्से तसेच. नातवंडं म्हणतात, "आबा, आज एकच सांगा." आता एक कसा सांगणार? तुम्हीच ओढून बघा, निघतो का एकटा!

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीत जावं असं शाळेला वाटलं न्हाई, अन् मी बी फार आग्रह धरला न्हाई. पुढं याकूबभाईच्या शेजारी चहाचं हॉटेल टाकलं. हॉटेल आपलं नावाला. चहा उकळत ठेवायचा, अन् शेजारी जाऊन खोड्या काढायच्या, हा खरा धंदा.

याकूबभाई उंचीनं बेताचा. पण अंगठे? उलथन्यासारखे रुंद अन् चपटे. उजव्या हाताला घोड्याच्या नालेची अंगठी. कंबर धरती म्हणून त्याच्या बायकोनं, आमच्या भाभीनं, घालायला लावलेली. कंबर धरायची ती धरतच राह्यली, अन् अंगठी बोटाला अशी धरून बसली की तेल लावून बी निघंना. मी म्हणायचो, "भाई, भाभीनं तुला बराबर बांधून घातलाय."

त्याचा एक तोरा होता. बाकीचे मिस्त्री टायर चढवताना लोखंडी पेचकस घालायचे. टायर चढायचा, पण आत ट्यूब चिमटायची. गिऱ्हाईक वेशीपर्यंत गेलं की फुस्स! याकूबभाई मात्र हातानंच चढवायचा. अन् एका बाजाराच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, तो बोलून बसला.

"या दुकानात टायरला लोखंड लागलं, तर त्या दिवशी दुकान बंद. बकऱ्या चारीन."

भाऊराव पाटील तिथंच बसलेले. ते म्हणाले, "अन् रिम काय लाकडाची हाय का, भाई?"

"रिम घरची हाय, पाटील. बाहेरचं लोखंड नको."

लोक हसले, पण मी न्हाई हसलो. हा माणूस बोलला की पाळायचा. एकदा रागात म्हणाला, पाटलाच्या बैलगाडीत पाय ठेवणार न्हाई. मंग भोकरदनपर्यंत पायी गेला. पाटील गाडी हाकत, त्याच्याशी गप्पा मारत, शेजारून चालले होते!

०००

बहात्तरचा दुष्काळ सरला अन् गावात सायकली वाढल्या. याकूबभाईनं नवीन जालन्याहून टायरांचा मोठा गठ्ठा आणला. एसटीच्या टपावरून उतरवला, सुतळी सोडली, पहिला टायर रिमला लावला. अर्धा गेला, पाऊण गेला, अन् वीतभर राह्यला तो राह्यलाच. दुसरा लावला, तीच गत. सगळा गठ्ठा केसभर लहान होता!

"चढतील," भाई म्हणाला. घाम नाकाच्या शेंड्यावर आल्ता.

मी घरी गेलो, आमची काळी बकरी सोडून आणली अन् त्याच्या दुकानाच्या खांबाला बांधली.

"हे काय रे, तुक्या?"

"काय न्हाई भाई. सवय असू दे. पुढं तुलाच चारायचीय."

त्यानं फेकून मारलेला पंप अजून माझ्या घरी आहे. पण बकरी सोडली न्हाई हां! म्हणाला, "राहू दे. सगळे टायर चढले की हिच्यासमोर तुला माफी मागायला लावतो."

तेव्हापासून बकरी रोज तिथंच. गाव जाता-येता आधी बकरीकडं बघायचं, मंग भाईकडं.

०००

पाटलांना वाटलं हे ताकदीचं काम. तालमीतलं अंग, मांड्या बाभळीच्या बुंध्यासारख्या. सदरा काढून खाली बसले, चाक मांडीत धरलं, अन् डोळे मिटून जो जोर लावला म्हणता! गळ्याच्या शिरा मोजून घ्याव्यात. आम्ही सगळे "हां पाटील, हां!" करून राह्यलो होतो. बकरी बी कान टवकारून उभी.

अन् खट्ट! चढला की! पाटील उभे राह्यले, मांडीवर शड्डू ठोकला, म्हणाले, "मारा हवा."

याकूबभाई दुसरा पंप घेऊन वाकला. चाक फिरवलं. अजून एकदा फिरवलं. मंग मान वर करून अदबीनं विचारलं, "पाटील, हवा कुठून मारू?"

रिमच्या भोकातून उजेड दिसत होता. आत ट्यूबच नव्हती!

मी उठलो तेव्हा कळलं, मी कशावर बसलो होतो ते. पाटलांनी मला वेशीपर्यंत पळवला, पण मांडीत गोळा आल्ता म्हणून वाचलो.

०००

मंग मीच सुचवलं, की रबर गरम केलं की नरम पडतं. भाईला पटलं. सकाळी-सकाळी घरच्या मोठ्या हंड्यात पाणी तापवलं, टायर त्यात बुडवून ठेवला. चांगला वाफाळला, तसा काठीवर घेऊन दुकानाकडं पळाला. गरम आहे तोवर चढवायचा होता ना! हंडा तसाच चुलीवर.

तेवढ्यात भोकरदनहून जावई आला. नवा जावई, पहिल्यांदाच एकटा आल्ता. भाभीनं बघितलं, तर हंडाभर कढत पाणी तयार. तिला भरून आलं. जन्मात पहिल्यांदा आपल्या माणसानं घरात काही जाणून केलं, असं ती जावयाला सांगत बसली अन् न्हाणीत पाणी काढून दिलं.

जावई न्हाला. अत्तर लावलं. जेवायला बसला. पण घरात नव्या सायकलचा वास दरवळून राह्यला! तो सारखा आपलाच दंड हुंगतोय, भाभी चूल हुंगतीय, कुणाला काही कळंना.

दुपारी याकूबभाई आला. टायर चढला होता, म्हणून खुशीत. आल्या-आल्या विचारलं, "माझं टायरचं पाणी कुठंय?"

भाभी भाकरी थापत होती. तिनं तोंड वर केलं न्हाई.

"पाणी संपलं. जावई नरम झालाय. त्याला चढवा आता रिमवर."

०००

गरम पाण्यावर भाभीनं बंदी घातली, तसा भाई साबणावर आला. कपड्याच्या साबणाचा फेस टायरच्या काठाला चोपडायचा अन् सर्रकन् सारायचा. पहिली सायकल गौतम गुरुजींची.

गुरुजी आमच्याच गावचे. बुद्धवाड्यातनं मास्तर झालेला पहिला माणूस. शाळा लांबच्या वाडीवर. कपडे असे पांढरे, की त्यांच्याशेजारी आमचा चहा काळा दिसायचा. टायर चढला, गुरुजी खूश. पण भाईनं साबण जरा सढळ हातानं लावल्ता. वाटेत ओढा. ओढ्यात पाणी. अन् ओढ्यापलीकडं शाळेत त्या दिवशी तपासणीला मोठे साहेब आल्ते!

गुरुजी ओढ्यातून निघाले अन् चाकातून फेस सुटला. पांढरा, दाट. चाक फिरंल तसा उडायला लागला. शाळेच्या पटांगणात शिरेपर्यंत मागं फुग्यांची वरात! पोरं फुगे धरायला धावली. साहेब व्हरांड्यात उभे राहून बघून राह्यले.

दुसरा असता तर सायकल टाकून पळाला असता. गुरुजी शांतपणे उतरले, स्टँड लावला अन् वर्गाला म्हणाले, "मुलांनो, बसा. आजचा विषय स्वच्छता."

साहेबांनी शेरा चांगला दिला म्हणे. पण संध्याकाळी गुरुजी दुकानावर आले, बकरीला मूठभर पाला दिला, अन् भाईला म्हणाले, "भाई, हट्ट सोडा. पेचकस घ्या. तुम्ही दुकान बंद केलं तर मी वाडीवर जायचं कसं?"

भाईनं मान हलवली. अन् पुढचं चाक मांडीवर ओढलं. गुरुजींना जे कळलं ते आम्हाला बी कळलं. हा बकऱ्या चारील, पण पेचकस घेणार न्हाई. मी हॉटेलात परत आलो अन् त्या दिवशी मला बी माझाच चहा कडू लागला.

०००

वाट दाखवली ती चंदाबाई कासारणीनं. ईद जवळ आल्ती. भाभी दुकानाच्या ओट्यावर हात पुढं करून बसलेली, अन् चंदाबाई तिला बांगड्या भरून राह्यली होती. बांगडी लहान, हात मोठा. भाभी "आई गं, फुटंल" करतीय. याकूबभाई बाजूला टायरशी झोंबत होता. मी अन् बकरी दोघंही बघत होतो.

चंदाबाई भाभीला म्हणाली, "तुम्ही हात ताठ करू नका, भाभी. बांगडी काय मोठी होत नसती. हात लहान करायचा असतो." अन् अंगठ्याचं मूळ आत दाबलं, हात चिंचोळा केला, अन् बांगडी गेली की आत!

याकूबभाईचे हात थांबले. त्यानं चाकाकडं बघितलं. रिमला मधोमध खोलगट पन्हळ असती. त्यानं टायरचा चढलेला काठ सगळीकडून चिमटून त्या पन्हळीत दाबला. वर ढिलाई आली. अंगठे लावले. टप्पकन् चढला!

त्या दिवसापासून भाई चाकाशी बोलायला लागला. नव्या नवरीला कासारीण बोलती तसं. "ढिला सोड गं... ताठू नको... झालं, झालं, बघ." गिऱ्हाईक बाहेर उभं राहून ऐकायचं अन् आत कोण आहे म्हणून डोकावायचं. पाटील तर म्हणाले, "भाई, एवढं गोड भाभीशी बोलला असता, तर गरम पाण्याची बंदी उठली असती."

०००

आता शेवटचा सांगतो.

गठ्ठ्यातले सगळे टायर चढले. एक राह्यला. तो काही केल्या वाकत नव्हता. त्याचं नाव आम्ही ठेवलं सासूबाई. सासूबाई खिळ्यावर, बकरी खांबाला, असं चाललं होतं. भाई म्हणायचा, एवढा एक चढला की तुक्यानं बकरीसमोर कान धरायचे.

बाजाराचा दिवस उजाडला. गुरुजी सायकल ढकलत आले. पुढचा टायर उभा फाटल्ता. दुसऱ्या दिवशी वाडीवर शाळेचा कार्यक्रम, अन् दुकानात टायर एकच. सासूबाई.

गुरुजी म्हणाले, "राहू द्या, भाई. मी पायी जाईन."

"बसा," भाई म्हणाला. त्यानं खिळ्यावरनं सासूबाई काढली.

बातमी बाजारात फिरली अन् माणूस जमलं. पाटील आले, भाभी पदर खोचून ओट्यावर आली, चंदाबाई टोपली घेऊन आली. मी चहा उतरवून ठेवला. पहिला डाव फसला. दुसऱ्याला टायर हातातनं सुटला अन् भाईच्या हनुवटीवर बसला. पाटलांनी खिशातनं पेचकस काढून ओट्यावर ठेवला. भाईनं तो पायानं लांब सारला.

मंग तो चाक मांडीत घेऊन नीट बसला. काठ पन्हळीत दाबत, हळूहळू, दोन्ही हात वर आणले. "ढिला सोड... ताठू नको... गुरुजींना पायी धाडती का?" अंगठे पांढरे पडले. वीतभर राह्यलं, मंग चार बोटं. मी बी, खरं सांगतो, मनातल्या मनात म्हणून राह्यलो होतो, चढ बाई, चढ.

टप्प!

हवा मारली. कान लावला. कुठं फुस्स न्हाई. चाक फिरवलं तर जत्रेतल्या पाळण्यासारखं गोल. मंग काय सांगू! पाटलांनी भाईला खांद्यावर घेतलं. गुरुजींच्या डोळ्यात पाणी. मी कान धरून बकरीसमोर उभा, अन् भाभी म्हणतीय, "वाकून, वाकून!"

भाई खाली उतरला. अंगठा चोळायला लागला. चंदाबाई म्हणाली, "बघू भाई, अंगठा फुटला काय." अन् सवयीनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. आयुष्यभर लोकांचेच हात बघितलेली बाई. अंगठा बघितला, बोटं बघितली. मंग तिचं बोट एका जागी थांबलं.

"भाई, टायर चढवताना ही अंगठी काढून ठेवता का हो तुम्ही?"

"निघत न्हाई ती," भाभी म्हणाली. "घोड्याच्या नालेची हाय. लग्नाच्या दुसऱ्या सालापासून तिथंच हाय."

पाटलांनी अंगठीकडं बघितलं, मंग चाकाकडं. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मी अजून कान धरूनच उभा.

याकूबभाई आपल्या हाताकडं बघत राह्यला. मंग उठला, खांबापाशी गेला, बकरीच्या पाठीवरनं हात फिरवला, अन् माझ्याकडं वळून विचारलं,

"तुक्या, ही दूध किती देती रे?"