खिळ्यावरचा पेला

आप्पा गेल्याचा फोन आईनेच केला. मी केजला शाळेत शिकवत होते. "आप्पा गेले. ये," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. एरवी तिला फोनवर आवरावं लागतं... धारूरला पोचले तेव्हा ती आमच्या खानावळीच्या दारात बसून होती. तिच्या मागे, भिंतीवरच्या खिळ्याला आप्पांचा स्टीलचा पेला अडकवलेला होता, बुडाशी नाव कोरलेला. बाकीच्या पेल्यांपासून वेगळा. तो खिळा मीच ठोकलेला. सहा आठवडे झाले, त्या खिळ्याशिवाय दुसरं काही सुचत नाही.

आप्पांची लॅबोरेटरी आमच्या खानावळीसमोर. एक खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि जंतू वाढवायला आत बल्ब लावलेली लाकडी पेटी. वीज गेली की आप्पा त्या पेटीला गोधडी गुंडाळत. बायको, शेती सगळं नांदूरघाटला, म्हणून दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडे. माझे वडील त्यांचे दोस्त, वडील लवकर गेले तेव्हा आईला खानावळ काढायचा धीर आप्पांनीच दिला होता. माणूस पक्का लिंगायत, गळ्यात लिंग, कांदासुद्धा सोमवारी वर्ज्य. आणि हा माणूस सकाळची पूजा आटोपून, झाकणाची बाटली घेऊन खाटकाच्या दारात उभा राही. पित्त आणायला. "आप्पा, आज रस्सा का?" लोक चिडवत. "रस्सा तुमाला, मला निस्तं पित्त," म्हणत ते पुढे जात. खाटीकही पित्ताची पिशवी न फोडता त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवी.

"पण पित्तच कावून, आप्पा?" मी एकदा विचारलं होतं. टायफॉइडच्या रोग्याचं रक्त ते उकळलेल्या पित्ताच्या बाटलीत घालत होते.

"पित्त म्हंजे पोटातला साबण, पोरी. तेल सोडवतंय, तसं जंतूचं कातडं बी सोडवतंय. बाकीचे लई जंतू त्यात मरतेत. ह्यो टायफॉइडचा लई चिवट. आत शिरलेलं पित्त बाहेर फेकतो, कातडं घट करतो, आन् त्यातच वाढतो. एखाद्याच्या पित्ताशयात खडे असले, की त्यांना चिकटून वर्षानुवर्षं ऱ्हातो. त्या माणसाला ताप न्हाई, काय न्हाई. दुसऱ्याला मात्र देतो."

गावात नुकतेच एसटीडीचे बूथ निघाले होते, तेव्हाची ही गोष्ट. मी अंबाजोगाईला बी.एड. करत होते. आमच्याकडे जेवणारे मास्तर, कंडक्टर एकामागून एक टायफॉइडने पडू लागले. लोक खानावळीकडे बोट दाखवत, तर आप्पा छातीठोकपणे सांगत, "मी रोज हितं जेवतो. मला काय झालं का?" दोन उन्हाळे ते पाण्याच्या टाकीच्या मागे लागले, ब्लीचिंग पावडर टाकून टाकून पाण्याची चव घालवली. तरुणपणी आपल्याला टायफॉइड होऊन गेलाय, तो सहसा पुन्हा होत नाही, म्हणजे आपलं पोट हा पुरावाच नव्हे, हे त्या हुशार माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

मग एका सुट्टीत घरी आले तर ऐकलं, जंतू आप्पांमध्येच सापडले. त्यांनी स्वतःच चारचौघांत सांगितलं होतं. ताक स्वतःच्या हाताने वाढून घ्यायची त्यांची सवय, पेल्यासकट हात हंड्यात मनगटापर्यंत बुडवत. "त्यातूनच गेलं," म्हणाले. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. आई तेव्हा पोटातल्या खड्यांनी बेजार होती, मावशी स्वयंपाकाला आली होती. मी शिकलेली, शहाणी. गिऱ्हाइकं कुरकुरतात म्हणून मी आप्पांचा पेला वेगळा काढला आणि खिळा ठोकायला घेतला.

"राग नका मानू, आप्पा."

"राग कावून? ठोक. जरा खाली ठोक, माझा हात पुरला पायजे."

पुढे आईचं ऑपरेशन झालं, पित्ताशय काढलं. ताप थांबले. आई चुलीपाशी परतली. पेला मात्र खिळ्यावरच राहिला. लग्नाच्या पंगतीत आप्पांना टोकाला बसवत, त्यांच्याकडचा चहा लोक टाळत, रक्त तपासायलासुद्धा काही जण दुसऱ्या गावी जात. आप्पा हसून घेत. मला त्यांची कीव यायची... कीव!

त्या दिवशी त्यांना माती दिल्यावर मंडळी बसली होती. कुणीतरी प्रेमानेच म्हणालं, "माणूस देव. फक्त त्याच्या पेल्याला आमी लांबूनच नमस्कार करायचो." सगळे हसले. आई उठून घरी आली. मी मागोमाग.

"जंतू त्यांच्यात नव्हते," ती म्हणाली. "माझ्यात होते."

मग सगळं सांगितलं. आजारी पडलेले सगळे ताक पिणारे, आणि मीठ-कोथिंबीर चुरडून ताक हाताने कालवणारी आई, हे आप्पांच्या लक्षात आलं होतं. एका दुपारी ते शौचाच्या नमुन्याची डबी घेऊन आले. "वैनी, मी माझा नमुना दिलाय. तुमी बी द्या, लाजू नका." त्यांचा स्वच्छ निघाला, आईचा नाही. "खानावळ बुडाली तर पोरीचं शिक्षण कसं व्हायचं?" म्हणून आई रडली. "खानावळ ऱ्हाईल," आप्पा म्हणाले. "पर खडे काढून तुमचा नमुना तीनदा साफ निघंस्तोवर सैपाकघरात पाऊल टाकायचं न्हाई." आईच्या डबीवर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. पुढे आईने कितीदा म्हटलं, आता सांगून टाकू. ते म्हणत, "ऱ्हाऊ द्या, सवय झाली."

"हे लिही," आई मला म्हणाली. "पेपरात. माझ्या नावानं."

"लोक काय म्हणतील, आई?"

"त्यांना म्हणले तेच."

ती उठली. साबणाने हात धुतले. खिळ्यावरचा पेला काढून विसळला, पळीने ताक घेतलं, उभ्याउभ्या प्याली. मग पेला धुऊन बाकीच्या पेल्यांत ठेवून दिला. आता तो कुणाच्याही ताटाशी जातो. खिळा मात्र मला अजून उपटवला नाही.