पंपाच्या वायसरात काय काय आहे

गंगाखेड. लढाईची वर्षं, श्रावणातला सोमवार, सकाळ. परसात हजर: आतेसासूबाई, पाटावर, सोवळ्यात. आमचे हे, उंबऱ्यावर. मी, शेगडीपाशी. गैरहजर: मोटारीचा डायवर. खरं तर आधी त्यालाच बोलवायला हवं होतं.

काम असं. परसात नवा हातपंप बसला, पण त्याचं वायसर चामड्याचं. चामड्याला लागून आलेलं पाणी आतेसासूबाईंना चालत नसे. गुडघे धरत, घाटाच्या पायऱ्या उतरून त्या गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी आणत. आदल्या आठवड्यात घागरीसकट घसरल्या. तेव्हा मी ठरवलं, जुन्या टायरचं वायसर कापून बसवायचं. ह्यांनी मोटारअड्ड्यावरच्या डायवरकडून एक फाटका टायर आणला.

"रबर म्हणजे झाडाचा चीक," मी म्हटलं.

"झाडाला टायर लागलेला तू पाह्यलास का सूनबाई? आत काय काय आहे ते दाखव, मग पिते."

मी चार चाचण्या लिहून काढल्या. पहिलीची तयारी आदल्या दिवशीच केली होती: एका वाटीत घासलेट आणि टायरचा तुकडा, शेजारच्या वाटीत घासलेट आणि ह्यांच्या जुन्या वहाणेचा अंगठा. रबर टम्म फुगलं, अंगठा होता तसाच. दुसरी, आतला धागा: सुती निघाला. तिसरी, कागदावर घासणे: काळं उमटलं, म्हणजे काजळी. चौथी, जाळणे. त्यासाठी मी टायरच्या आतून मऊ लागणारा तुकडा कापून निखाऱ्यावर ठेवला.

परसभर केस जळाल्याचा वास सुटला. चामड्याचाच. आतेसासूबाई उठल्या आणि दुसऱ्यांदा आंघोळीला गेल्या.

"चामडंच निघायचं होतं, तर माझी वहाण कशाला कापली?" हे म्हणाले.

मग डायवरला बोलावलं. तो हसायलाच लागला. "बाई, टायर फाट्या तो मैंच अंदर चप्पल का तुकडा बिठाया. लढाई में नवा टायर कां मिलता?"

म्हणून चौथी चाचणी पुन्हा. या वेळी टायरच्या कुशीवरचा, अक्षरं असलेला चांगला जाड तुकडा घेतला. असा काळा धूर निघाला की डायवरसकट सगळे गल्लीत पळाले. पण केसांचा वास नाही.

आतेसासूबाई नाकाला पदर लावून लांब उभ्या होत्या. "चामडं नाही, पटलं. धागा सुती, पटलं. काजळी कशाची?"

"काजळी म्हणजे काजळी, आत्याबाई."

"तेलाची का हाडाची?"

कुणालाच माहीत नव्हतं. "कंपनीला लिहून विचारू," मी म्हटलं आणि नाव बघायला टायर उलटा केला. नाव एकाच कुशीवर शिल्लक होतं. ते मी नुकतंच जाळलं होतं.

वायसर उत्तम बसलं. घरभर पंपाचं पाणी झालं. आतेसासूबाईंना मात्र पुन्हा पायऱ्या उतरू देणं शक्य नव्हतं, त्यामुळे त्यांची घागर सोवळ्यानं मी आणू लागले. रोज.

ती यादी अजून माझ्याजवळ आहे. चार कामांपुढे खूण आहे. पाचवं: कंपनी कोणती ते शोधणे, काजळी विचारणे. बाकी.