लेंडी जांभळाची चिठ्ठी

परतीच्या पावसानं मला राधानगरीच्या जंगलात गाठलं तेव्हा माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये पानांच्या तीन कापडी पिशव्या होत्या. एकीत जांभळाची पानं, दुसरीत लेंडी जांभळाची, तिसरीत भेडसाची. तिन्ही झाडं एकाच घराण्यातली, सख्ख्या चुलत भावंडांसारखी. कोल्हापुरात मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते. या भावंडांच्या पानांत अँटिऑक्सिडंट द्रव्यं किती आहेत आणि कोणात जास्त आहेत, एवढाच माझा विषय होता. दोन हजार सालानंतरची ती तीन-चार वर्षं. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द तेव्हा नुकताच चहाच्या पुड्यावरही छापून यायला लागला होता.

बस मिळेपर्यंत मी पुरती भिजले. सीटवर बसून सॅक उघडली. पिशव्यांना बांधलेल्या कागदी चिठ्ठ्यांवरची शाई पार उतरली होती. पेन्सिलीनं लिहायचं असतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी पेन्सिल विसरले होते म्हणून शाईच्या पेनानं लिहिलं.

भेडसाची पानं जाड आणि मोठी, ती लगेच ओळखू आली. अडचण उरलेल्या दोन पिशव्यांची होती. लेंडी जांभळाची पानं एरवी लहान असतात, पण मी ज्या जांभळाची पानं तोडली होती ते दाट सावलीतलं होतं आणि त्याची पानंही बारीकच होती. बस हेलकावे खात होती, खिडकीच्या फटीतून पाणी आत येत होतं. मी दोन्ही पिशव्यांतली पानं मांडीवर घेतली, चुरगाळून वास घेतला, परत पाहिलं. शेवटी 'हीच असणार' असं म्हणत नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही.

पानं सावलीत वाळली, दळली गेली. एकदा पूड झाल्यावर कोणतं झाड कोणतं, हे देवालाही सांगता आलं नसतं.

आमची चाचणी दिसायला सोपी होती. गडद जांभळ्या रंगाचं एक रसायन परीक्षानळीत घ्यायचं, त्यात पानांचा अर्क घालायचा आणि अर्धा तास अंधारात ठेवायचं. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उडून पिवळसर होतो. लेंडी जांभूळ लिहिलेल्या नळ्या अगदी थोड्या अर्कातही पिवळ्या झाल्या. साधं जांभूळ बरंच मागं राहिलं.

माझ्या मार्गदर्शक सरांनी नळ्या उजेडाला धरल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, फारसा न बोलणारा माणूस. त्या दिवशी मात्र शेजारच्या प्रयोगशाळेतल्या दोघांना हाक मारून बोलावलं. "बघा की हे! ज्या झाडाकडं कुणी ढुंकून बघत नाही, ते सगळ्यांच्या पुढं!"

मी हसले. नळ्या एकेक करून स्टँडमध्ये परत ठेवल्या.

सरांनी बंगळूरच्या एका परिषदेला गोषवारा पाठवला आणि तो स्वीकारला गेला. फेब्रुवारीअखेर ते स्वतः जाऊन वाचणार होते. विभागात जो भेटेल त्याला लेंडी जांभळाची गोष्ट सांगत होते. मी रोज ठरवायचे, आज चिठ्ठ्यांचं सांगू. त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि भलतंच काहीतरी विचारून परत यायचे. जेवण जाईना. मेसच्या मावशींनी एकदा विचारलंसुद्धा, "घरी काय बिनसलंय का गं?"

जानेवारी संपता संपता मी एका पहाटे रंकाळा स्टँडवरून राधानगरीची पहिली एसटी पकडली. विभागात ताप आल्याचं कळवलं.

झाडं मला ज्यांनी दाखवली होती ते मामा जंगलालगतच्या वाडीत राहायचे. पूर्वी वनखात्यात वॉचमन होते. मी झाडांना लाल चिंधी बांधून आले होते, पण एकटीनं आत जायची हिंमत नव्हती.  मामांनी कोयता घेतला आणि पुढं चालायला लागले.

जांभळाची पानं लवकर मिळाली. या खेपेला चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं, पिशवीच्या आत एक आणि बाहेर एक. लेंडी जांभूळ ओढ्यापलीकडं होतं. ओढा ओलांडला आणि मामांनी हात मागं करून मला थांबवलं.

"हालू नगासा, ताई. गवा हाय."

झाडाखालीच उभा होता. काळाकभिन्न, गुडघ्यापासून खाली पांढरा, एकटा नर. आमच्याकडंच बघत होता.

"कळपातला असता तर एवढं भ्या न्हाई," मामा कुजबुजले. "एकटा वाईट. बसा हितंच दगडाआड. जाईल आपणहून."

तो जाईना. मान खाली घालून चरायचा, पुन्हा वर बघायचा. एक तास गेला, मग आणखी अर्धा. शेवटची सोयीची बस चारला होती. पायाला मुंग्या आल्या, पण पाय हलवायची चोरी. समोर पंचवीस-तीस पावलांवर चिंधी दिसत होती.

"दुसऱ्या झाडाची पानं चालत न्हाईत व्हय?" मामांनी विचारलं.

"नाही मामा. हेच झाड पाहिजे. मागच्या वेळी माझ्याकडून घोळ झालाय." चार महिन्यांत पहिल्यांदा मी हे कुणाला तरी बोलून दाखवलं.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. "मग बसू या की," एवढंच म्हणाले.

तीनच्या सुमारास गवा फुसकारला आणि झाडीत शिरला. मामा आणखी थोडा वेळ थांबले, मग वाकून गेले आणि झटपट फांद्या उतरवून आणल्या. बस आम्ही धावत गाठली.

पानं मंद आचेच्या ओव्हनमध्ये दोन दिवस वाळवली आणि विभाग उघडायच्या आधी येऊन चाचणी लावली. नळ्या कपाटात ठेवल्या, दार लावलं आणि स्टुलावर बसून राहिले. अर्ध्या तासानं दार उघडलं. जांभळाच्या नळ्या पिवळ्या झाल्या होत्या. लेंडी जांभळाच्या नळ्यांतला रंग नुसता फिका झाला होता. मी तीनदा केलं. तीनदा तेच. बसमध्ये लिहिलेल्या दोन्ही चिठ्ठ्या उलट्या होत्या.

सर आल्या आल्या मी त्यांच्या खोलीत गेले. खुर्चीवर बसले नाही.

"सर, माझ्याकडून चूक झालीय. लेंडी जांभूळ म्हणून जे दाखवलं ते साधं जांभूळ आहे."

त्यांनी चष्मा काढला. मी पाऊस, शाई, बस, सगळं सांगितलं.

"शंका कधी आली तुला?"

"तेव्हाच सर. ऑक्टोबरात."

"ऑक्टोबरात," ते म्हणाले. "चिठ्ठी भिजली, त्याचं काही नाही गं. माझ्या बी भिजल्यात. पण मी इतके दिवस गावभर सांगत सुटलो आणि तू शेजारी उभी राहून ऐकत होतीस."

मला रडू आलं. त्यांनी पाणीसुद्धा पुढं केलं नाही. "जा आता. मला पत्र लिहायचंय."

त्यांनी गोषवारा मागं घेतला, तिकीट रद्द केलं. ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांना विभागात गाठून, निकाल चुकीचा होता असं स्वतः सांगितलं. कुणाची चूक ते सांगितलं नाही. महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. तो महिना मला त्या दगडाआडच्या दीड तासापेक्षा जड गेला.

शिरोळला वडिलांना, आबांना, फोन करायचाच होता. घरी माझ्या लग्नाची बोलणी पीएच.डी.साठी थांबवून ठेवली होती. "आबा, एक वर्ष वाढलं," मी म्हणाले.

"कशापायी?"

"झाडं चुकली."

"झाडं कशी चुकतील? माणूस चुकतं," आबा म्हणाले. "मग कर की दुरुस्त. मी सांगतो हितं काय सांगायचं ते."

पुढच्या हंगामात मी पानांसाठी निघाले तेव्हा सर स्टँडवर आधीच येऊन उभे होते. खांद्याला शबनम पिशवी आणि तिच्यात पत्र्याचे तुकडे. त्यावर खिळ्यानं नंबर कोरले होते. गुडघे दुखत असूनही ते ओढा ओलांडून गेले आणि एकेक तुकडा तारेनं झाडांना बांधला. या वेळी प्रत्येक जातीची एक नव्हे, पाच-पाच झाडं. जेवायला बसलो तेव्हा त्यांनी डब्यातली ठेचा-भाकरी माझ्याकडं सरकवली. त्या दिवशी आम्ही पुष्कळ बोललो, सगळं झाडांविषयीच.

निकाल काही कुणाला ओरडून सांगावा असा निघाला नाही. पाच-पाच झाडं तपासल्यावर जांभूळ पुढं राहिलं, पण थोडक्यानं. एकाच जातीतल्या दोन झाडांतही फरक पडत होता, सावलीतलं आणि उन्हातलं वेगळं, कोवळं पान आणि जून पान वेगळं. पहिल्या वर्षी एकेका झाडावरून आम्ही जे ठरवलं होतं, ते चिठ्ठ्या बरोबर असत्या तरी कच्चंच ठरलं असतं. हे सरांनीच मला कागदावर मांडून दाखवलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळता चाळता विचारलं, "पहिल्या वर्षाची आकडेवारी यात का नाही?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते टेबलावरच्या कागदाकडं बघत होते. मी शाईपासून गव्यापर्यंत सगळं सांगितलं, बंगळूरचंही. परीक्षकांनी पान उलटलं आणि म्हणाले, "बरं. आता भेडसाचं सांगा."