बाच्या सदऱ्याची पाच बटणं

"काप," खोत म्हणाला.

माझ्या हातात गवताचा विळा होता. समोर माझा बा उभा होता, नव्या सदऱ्यात. खोत ओटीवर बसलेला, भोवती गावातली चारपाच माणसं. त्या सगळ्यांदेखत मला माझ्या बाच्या छातीवरची बटणं कापायची होती.

तो सदरा मीच शिवला होता.

पोलादपुराच्या वरच्या अंगाला आमचं गाव. बा गावकीचा महार. खोताची लाकडं फोडायची, मेलेली गुरं ओढायची, सरकारी कागद महाडच्या कचेरीत पोचवायचे. माझा नवरा मुंबईत गोदीत मेला, म्हणून मी विसाव्या वर्षी बाच्या घरी परत आलेली. महाडात एका मुसलमान शिंप्याच्या घरी बा मोळ्या टाकायचा. त्या शिंप्याच्या बायकोनं मला शिवण शिकवलं. मी तिला चाची म्हणायचे. तिनं मला कधी लांब बसवलं नाही. एकाच चटईवर आम्ही दोघी.

सदऱ्याला बटणं लावायची वेळ आली तेव्हा चाचीनं पाच पांढरी बटणं पुढं केली. "घे बाय, सगली एकसारकी हायत."

मी नको म्हटलं. तिच्या डब्यात सुटी, उरलेली बटणं होती. ती कापडावर मांडत बसले. लाल काचेचं एक. पलटणीच्या कोटाचं पितळी. शिंपल्याचं एक, शिंगाचं काळं एक, एक निळं. मांडली, मोडली, परत मांडली. दुसरं मिळालं नाही म्हणून नव्हे. मला तशीच हवी होती. आमच्या अंगावर आजवर जे आलं ते दुसऱ्यानं उतरवलेलं. हे मी निवडलेलं.

बा बघून हसला. "ह्ये काय गो? पाच गावचं पाच पावणं बशिवलंस!" पण सदरा अंगात घालून तो दारात उगाच दोनदा ये-जा करून आला.

दुसऱ्या दिवशी महाडला न्यायचे कागद घ्यायला तो खोताच्या अंगणात गेला. गवताचा भारा टाकायला मीही मागून गेले. खोताची धाकटी सून दारात उभी होती. पुण्याची, नुकतीच लग्न होऊन आलेली. ती बाच्या सदऱ्याकडे बघून म्हणाली, "अय्या, किती छान! मुंबईला हल्ली बायका अशीच पोलकी शिवून घेतात. प्रत्येक बटण निराळं. नवी फॅशन आहे. कुणी शिवला रे हा सदरा?"

बा हरखला. "माज्या लेकीनं, वैनीसाब."

ओटीच्या कोपऱ्यात सासरा बसलाय हे तिला दिसलं नव्हतं. तो उठून पुढं आला. "म्हाराच्या अंगावरची फॅशन माझी सून वाखाणणार?"

सून आत गेली.

मग खोतानं गावातली चारपाच माणसं बोलावून घेतली, परत ओटीवर बसला आणि माझ्याकडे वळला. "तूच शिवलास ना? मग तूच काप."

मी विळा खाली केला. बा हळूच म्हणाला, "काप गो बाय. मला लागत नाय."

विळ्याचं टोक मी दोऱ्याखाली घातलं. बाचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता. पितळी बटण घरंगळत ओटीच्या पायरीशी गेलं, तसा खोतानं विटाळाच्या भीतीनं पाय वर घेतला. माणसं हसली. मी पाचही कापली. हे लपवणार नाही. खोत म्हणाला म्हणून गोळा केली आणि उकिरड्यात फेकली. तेही माझ्याच हातानं.

बा तसाच महाडला गेला. एका हातात सरकारी कागद, दुसऱ्या हातानं सदरा छातीशी धरलेला. घाट उतरून, सगळा रस्ता तसाच.

तिसऱ्या दिवशी खोताकडची मोलकरीण आली. अंगणाबाहेरूनच तिनं गुलाबी कापडाची गुंडाळी आमच्या दारात फेकली. "धाकल्या वैनींनी दिलंय. पोलकं शिव. बटणं तसलीच, पाच तऱ्हेची. मामंजींना कलता नये. त्या पुण्याला गेल्याव घालतील. शिवून झाल्याव धुऊन घेऊ."

धुऊन घेऊ.

कापड मऊ होतं. मी ते मांडीवर उलगडलं. बाच्या अंगावर माज, तिच्या अंगावर फॅशन. बटणं तीच. शिवणारी तीच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, खोताला बटणांचं काहीच नव्हतं. आम्ही निवडलं, हे त्याला सोसलं नव्हतं.

बा म्हणाला, "शिवून दे. त्यांच्याशी वाकडं नको."

"नाय शिवणार."

भर दुपारी मी ते कापड घेऊन खोताच्या घरी गेले. अंगणात थांबले नाही. पायरी चढले आणि कापड ओटीवर ठेवलं. खोत जेवून पडला होता, धडपडत उठला.

मी म्हटलं, "तुमच्या सुनंनं धाडलंय. माज्या बाच्या छातीवर जे चाललं नाय, ते माज्या हातचं तिच्या अंगावर चालनार नाय."

सून दारात आली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला दया आली का? नाही. अजूनही येत नाही. परवा ती गप्प राहिली होती. आज तिचं तिनं बघावं.

ओटी त्यांनी गोमूत्रानं धुतली. बाला अंगणात बोलावून जोड्यानं मारलं. खळ्यावरचा आमचा धान्याचा वाटा बंद झाला, वाण्यानं मीठ देणं थांबवलं. महिन्याच्या आत आम्ही गाव सोडलं. महाडात चाचीच्या ओळखीनं एक खोली मिळाली. मी शिवण घेऊ लागले. बा आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागला. पुष्कळ दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही. मार त्यानं खाल्ला होता, बोलले मी होते. त्याचा राग मला मान्य होता.

शिमग्याच्या आधी गावाहून एक माणूस आला. मेलेली गुरं पडून आहेत, कागद पोचत नाहीत. खोतानं निरोप धाडला होता: "झालं गेलं विसरलो. परत या, गावकी सांभाळा."

बानं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार त्याआधी तोच बोलला. "खोताला सांग, त्यानं इसरावं. आमी इसरनार नाय. त्याचं ढोर त्यानं वडावं."

माणूस म्हणाला, "म्हंजे गावकी सुटली म्हनायची तुमची?"

"सुटली नाय," मी म्हटलं. "आमी सोडली."