तनुजाचा कोंबडा

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा तोंडातून निघालं, आणि आता तुम्हाला सांगते — एकदा निघालंच आहे तर.

मी प्राथमिक शाळेत बाई होते. वेल्ह्याच्या डोंगरात, धरणाच्या पाण्याकाठी शाळा. मुलांना लिहायला बसवण्याआधी मी गोष्ट सांगायला लावायची. मग जशी सांगितली तशीच लिहायची — 'लई', 'न्हाई' सगळं चालेल. दुसरीतली तनुजा तर सांगताना बसायचीच नाही. उभी राहून, हातवारे करून सांगायची.

एकदा तिनं सांगितलं, धरण झालं तेव्हा सगळं गाव वर आलं, पण एक कोंबडा काही आला नाही. तो अजून पाण्याखाली आरवतो. "म्हून तर मासं येवढं लवकर उठत्यात, बाई!"

त्या गोष्टीचं मी काय केलं?

भोरला शिक्षकांचं शिबिर होतं. प्रत्येकानं मुलांसाठी स्वतः रचलेली गोष्ट सांगायची. माझ्याकडे गोष्ट नव्हती. इतकी वर्षं मुलांना गोष्टी रचायला शिकवत होते, मला स्वतःला कधी एकही सुचली नव्हती. माझी पाळी आली आणि मी कोंबडा सांगितला. टाळ्या पडल्या. कुठून सुचलं, विचारलं कुणीतरी. मी म्हटलं, "सुचलं असंच."

ही झाली चोरी. पण आत सलत होतं ते पुढचं.

शाळेच्या संमेलनात तनुजा तीच गोष्ट सांगायला उभी राहिली. आमचे मुख्याध्यापक गुरुजी भोरच्या त्या शिबिराला आलेले होते. त्यांनी तिला मधेच थांबवलं — सगळ्या गावासमोर, तिची आई पुढंच बसलेली. "ही बाईंची गोष्ट आहे. दुसऱ्याची गोष्ट आपली म्हणून सांगू नये, पोरी."

तनुजानं माझ्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता — नाही का? मी माईकची वायर नीट करत राहिले.

त्यानंतर ती वर्गात फळ्यावरचं तेवढं उतरवून घ्यायची. बसूनच.

आता ती उत्रोलीला अंगणवाडीत शिकवते, असं कळलं. गेले. मुलं खिचडी खाऊन हात धूत होती. दारातच सांगून टाकलं, आत जाऊन बसले असते तर धीर झाला नसता.

तिनं शेवटच्या पोराचे हात पुसले. मग म्हणाली, "मला वाटायचं, म्याच तुमच्याकडनं ऐकली आसंल आन् इसरले. गुरुजी कशाला खोटं बोलतील?"

इतकी वर्षं ही पोरगी स्वतःलाच चोर समजत होती.

"म्हंजी माजीच हुती," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. आणि हसली.

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. परतताना गुरुजींच्या घरी गेले. थकलेत ते, पण ऐकू येतं. त्यांनाही सांगितलं.

मोकळं वाटतंय मला — हे लपवणार नाही. तसं वाटायचा मला हक्क आहे का, ठाऊक नाही. त्या संमेलनात ती माझ्याकडे बघत होती, मला सगळं माहीत होतं, आणि मी गप्प बसले.