मीनलताईंचा डावा हात

ठोसा कसा मारायचा हे शिकवण्याआधी मीनलताई समोरच्याला चपला काढायला लावायच्या. "टाचेतून निघू दे. हात नुसता निरोप पोचवतो," म्हणायच्या. पन्नाशीची, चष्मेवाली, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीबरोबर कोलकात्याला आलेली आणि इथेच रमलेली ही बाई मारामारीच्या व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या हालचाली तयार करायची. एस्प्लनेडच्या आमच्या ऑफिसात खुर्च्या सरकवून त्या लाथा झाडायच्या, धाडकन पडायच्या, आधी कोपर टेकलं की खांदा ते आठवून बघायच्या आणि मगच कॉम्प्युटरला हात लावायच्या.

मी पुण्याहून नवाच आलो होतो. माझा पहिला ठोसा पडद्यावर बघून त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "अरे, हा मारतोय की रिक्षा थांबवतोय?" मी आठवडाभर रुसलो. मग एका दुपारी त्यांनी डब्यातलं थालीपीठ पुढे केलं. "खा, आणि परत मार."

एका गेममध्ये लढणारी म्हातारी होती. तिच्यासाठी सेन्सर लावलेला पोशाख ताईंनी स्वतःच चढवला. "गुडघे दुखणारं माणूस हवंय ना? मी आहे की!" त्यांची प्रत्येक हालचाल त्या पोशाखातून कॉम्प्युटरमध्ये उतरायची. सेन्सरमुळे आलेली थरथर पुसून ती साफ करणं हे माझं काम. डाव्या हाताला थरथर फारच येत होती.

"ताई, डाव्या हाताचा सेन्सर बिघडलाय. पण काळजी करू नका, मी काढतो सगळं."

त्या जरा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. "हो रे, सेन्सरच असणार. बदलायला मात्र सांगू नकोस, उगाच काम थांबेल."

तीन आठवडे मी तो हात एकेक फ्रेम करून स्थिर केला. वर फुशारकीही मारली. शेजारच्याच खुर्चीवर बसलेल्या बाईचा खरा हात बघायला मात्र मान वळवली नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

म्हातारीचं काम संपलं त्याच दिवशी ताईंनी राजीनामा दिला. कंपवात होता. वर्षभर लपवला होता, हे शेवटचं काम आपल्या अंगाने पुरं व्हावं म्हणून. बालीगंजला त्यांच्या घरी गेलो तेव्हा चहाचा कप त्यांच्या यजमानांनी, सुधाकररावांनी, त्यांच्या तोंडाशी धरला होता. मी माफी मागितली.

"वेडा आहेस," ताई म्हणाल्या. "डॉक्टरांना जमलं नाही ते तू रोज करत होतास. मी मुद्दाम थांबून बघायचे."

दोन वर्षांनी न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या.

महिन्याभराने सुधाकरराव ऑफिसात आले. मी त्यांना गेम लावून दिला. म्हातारी चालत पुढे आली. "चाल तिचीच," ते म्हणाले. मग त्यांची नजर डाव्या हातावर गेली. "हा नाही. दोन वर्षं तो हात धरून मी तिला फिरवलंय. असा गप्प नव्हता तो." त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्याकडे आधीचं असेल ना रे, न पुसलेलं?"

काम मंजूर झालं की आमच्याकडे मूळ रेकॉर्डिंग काढून टाकतात. ताईंचं मीच काढून टाकलं होतं. मी तसं सांगितलं.

"बरं," सुधाकरराव म्हणाले. खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली. "मग हेच पुन्हा लाव."